माझ्या नणंदेचं सासूपण

माझ्या नणंदेइतक्या वेळा मेलेली बाई अख्ख्या नवी मुंबईत शोधून सापडणार नाही, आणि तिच्याइतकी ठणठणीतही. ती अपघातात गेली आहे, विषाने गेली आहे, मुलाने घराबाहेर काढल्यावर देवळाच्या पायरीवर गेली आहे. एकदा तर नातवाच्या बारशाला पेढा घशात अडकून गेली, कारण त्या मालिकेच्या लेखकाला तिला तातडीने घालवायचं होतं आणि सेटवर त्या दिवशी नेमके पेढे होते. दर वेळी मरून झालं की ती तोंडावरचा मेकअप पुसते, रिक्षा करून कोपरखैरण्याला येते, आमची बेल वाजवते आणि दारातूनच विचारते, "भात उरलाय का गं?" मेलेल्या माणसाला एवढी भूक लागते हे मला लग्न होऊन या घरात आल्यावर कळलं.

ती माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घरात सगळे तिला ताई म्हणतात, मीही म्हणते. पन्नाशी तिने ओलांडली आहे, पण नक्की वय विचारलं तर ती उलट विचारते, "कुठल्या मालिकेत?" आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर ती एकटी राहते. तिच्या हॉलमध्ये अगदी समोरच्या भिंतीवर तिचाच एक मोठा फोटो आहे, कपाळावर कुंकू, आणि पूर्वी वर चंदनाचा हारही होता. एका मालिकेत ती पहिल्याच आठवड्यात वारली होती आणि पुढे दीड वर्ष तिचा मुलगा त्या फोटोसमोर उभा राहून रडत होता. मालिका संपल्यावर तिने तो मागून घेतला. "फ्रेम सागवानी आहे," ती म्हणाली, "आणि माझा एवढा चांगला फोटो दुसरा कुठे आहे?" एकदा गावाकडचे चुलत सासरे न कळवता आले. ताई आंघोळीला गेली होती म्हणून आमच्याकडे असलेल्या तिच्या किल्लीने मीच त्यांना दार उघडून दिलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, टोपी काढली आणि मटकन खाली बसले. "कळवायचं तरी, पोरी," एवढंच मला म्हणाले. मी काही सांगणार तोच डोक्याला पंचा गुंडाळून ताई बाहेर आली आणि म्हणाली, "काका, कधी आलात? चहा टाकू?" काकांनी तो चहा घेतला, पण आधी तिच्या दंडाला चिमटा काढून खात्री करून घेतली. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याच दिवशी हार काढून टाकायला लावला. ताईने तो काढून आतल्या खुंटीवर ठेवला. कामाचा आहे म्हणाली.

नटी व्हायचं तिच्या मनातही नव्हतं. सासरे साताऱ्याकडचे. कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहून त्यांनी ही दोन मुलं वाढवली. ताई शिकून त्याच मार्केटात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर कामाला लागली. फोन घ्यायचे आणि आलेला ट्रक कुठे लावायचा ते ड्रायव्हरला सांगायचं, हे तिचं काम. घाट उतरून आलेला, झोप न झालेला ड्रायव्हर ऐकेल अशा आवाजात सांगावं लागतं, तेव्हा आवाज तिथेच तयार झाला. एका सकाळी मार्केटच्या गल्लीत कुठल्याशा मालिकेचं शूटिंग लागलं. गरीब नायिका गोण्यांवर बसून रडते असा सीन होता, आणि नायिकेला काही केल्या रडू येत नव्हतं. अर्धा तास गल्ली अडलेली. ताई गाळ्यातून उतरली, सरळ कॅमेऱ्यासमोर गेली आणि त्या मुलीला म्हणाली, "बाई गं, रडायचंच असेल तर घरी जाऊन रड ना. इथे नाशिकच्या दोन गाड्या उभ्या आहेत, कांदा तापतोय." मुलगी इतकी दचकली की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दिग्दर्शक पळत आला. "मॅडम, हेच परत एकदा कराल?" ताई म्हणाली, "परत कशाला? एकदा सांगितलेलं कळत नाही?" हे दुसरं वाक्यही त्यांनी ठेवून घेतलं. तो भाग लागला त्या संध्याकाळी मार्केटातल्या गाळ्यागाळ्यातून टीव्ही चालू होते, आणि ज्यांना ज्यांना ताईने कधी झापलं होतं ते सगळे मोठ्या अभिमानाने सांगत होते की आम्ही हे फुकट ऐकलेलं आहे.

त्यानंतर तिला खाष्ट मावशीचं काम आलं, मग खाष्ट आत्याचं, मग सासूचं, आणि सासू झाल्यावर ती सासूच राहिली. स्वतः लग्न केलं नाही. का, तर आई सांगतात की बघायला आलेल्या दोघांना तिनेच प्रश्न विचारले आणि दोघेही परत आले नाहीत. पण मंगळसूत्रं तिच्या पर्समध्ये कायम तीन असायची, एक गरिबाघरचं काळ्या पोतीचं, एक नोकरदार घरातलं दोन वाट्यांचं आणि एक श्रीमंताघरचं, बोटभर जाड. सेटवरची मंगळसूत्रं तिला पसंत नसतात. "त्यांना वाटतं बाई एकदा घालते आणि विसरते," ती म्हणते. "तसं नसतं. बाई त्याच्याशी चाळा करते. ते चाळा करायच्या लांबीचं पाहिजे." ज्या बाईने एकही मंगळसूत्र स्वतःसाठी घातलं नाही तिला हे कुणी सांगितलं, असं मला नेहमी वाटायचं.

या मंगळसूत्रांपैकी एक आता दिवाळे गावच्या कोळीवाड्यात आहे. शेवटची सहा वर्षं ती ज्या मालिकेत होती त्यात ती एका बंगल्याची मालकीण होती. सगळे तिला बाईसाहेब म्हणत. बाईसाहेब म्हणजे दुष्टपणाचा कळस. सुनेला उपाशी ठेव, सुनेची पत्रं जाळ, असं तिचं रोज काहीतरी चालू असे. त्या आठवड्यात बाईसाहेबांनी सुनेचं मंगळसूत्र काढून घेऊन कपाटात कोंडलं होतं. रविवारी आम्ही दोघी दिवाळ्याला मासळी आणायला गेलो. ताईची ठरलेली कोळीण होती, पाटीवर चार चांगली पापलेटं दिसत होती, पण ती बाई त्यांच्यावर ओलं फडकं टाकून बसली. "तुला नाय देनार," ती म्हणाली. ताईने विचारलं, "का गं, काय झालं?" "आधी त्या पोरीचा डोरला दे. नवरा जिता हाय तिचा." ताई अजिबात हसली नाही. तिने पर्स उघडली, दोन वाट्यांचं मंगळसूत्र काढून कोळणीच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "तूच ठेव. माझ्यापाशी राहिलं तर मी परत काढून घेईन. पोरगी कधी आली तुझ्याकडे तर दे." कोळणीने ते कपाळाला लावलं, कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि चारही पापलेटं तोलून दिली. मी रिक्षात म्हटलं, "ताई, तिला खरं सांगायचं ना." ती म्हणाली, "ती खरंच बोलत होती. मी कशाला खोटं बोलू?" पुढच्या आठवड्यात सेटवर तिने लेखकाशी वाद घातला आणि सुनेचं मंगळसूत्र परत करायला लावलं. तिने कोळणीला शब्द दिला होता असं ती त्याला म्हणाली. त्याला वाटलं कोळीण म्हणजे चॅनेलवरची कुणीतरी मोठी अधिकारी.

बाईसाहेबांच्या पाठांतरासाठी तिला सून लागायची. ती सून मी. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. शाळेतून येऊन चहाचा कप हातात घेतला की वरून हाक यायची, "अगं, दोन मिनिटं माझी सून होऊन जा." मग मी कागद हातात धरून कवितेच्या तासाला म्हणावं तसं म्हणायची, "सासूबाई, माझा काय अपराध?" आणि ताई बाल्कनीच्या कठड्याला टेकून माझ्यावर असा आवाज लावायची की समोरच्या विंगेतल्या खिडक्या उघडायच्या. मला अभिनय येत नसल्यामुळे माझं बोलणं फारच दीनवाणं ऐकू जात असावं. एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दोन बायकांना सोबत घेऊन आमच्या दारात आले. माझ्या नवऱ्याला बाजूला सारून त्यांनी मलाच विचारलं, "वहिनी, तुम्ही निर्धास्त बोला. तुमची नणंद तुम्हाला घराबाहेर काढणार आहे का?" मी गोंधळून म्हटलं, "हो, पण शुक्रवारी." सोबतच्या एका बाईने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात ताई जिन्याने खाली आली, हातात माझ्यासाठी केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. सेक्रेटरींनी पोळ्यांकडे अशा नजरेने पाहिलं की त्यात काय घातलंय कोण जाणे. शेवटी ताईने सगळ्यांना बसवून तो सीन पुन्हा करून दाखवला, आणि जाताना त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही छान करता हो. पण ह्यांना जरा सांभाळून घ्या."

मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त कुतूहल कशाचं होतं सांगू? ती माझ्या डोळ्यांदेखत बदलायची, आणि तो बदल आवाजात नसायचा. आवाज तर शेवटी लागायचा. त्याआधीच, ती नुसती बसली की, खोलीतली माणसं गप्प व्हायची. हे तिने कुठून आणलं? मी विचारलं की तिचं उत्तर दर वेळी वेगळं. एकदा म्हणाली, ज्या गाळ्यावर होते त्या शेठच्या बायकोकडून. एकदा म्हणाली, शाळेतल्या शिवणाच्या बाईंकडून. एकदा म्हणाली, "मांजराकडून. मांजर कसं बसतं बघ." मी पुष्कळ दिवस मांजरांकडे बघत राहिले. आमच्या आईंना याचं काहीच पडलेलं नव्हतं. त्या रोज साडेसातला टीव्हीसमोर बसायच्या आणि शेजारणी बाईसाहेबांना शिव्या घालायला लागल्या की शांतपणे म्हणायच्या, "बाई वंगाळ न्हाय ती. तिला घरात कुनी काय इचारत न्हाय, म्हनून तशी करती." लेकीची बाजू घेतात असं शेजारणींना वाटायचं.

मग त्या वर्षी आई आजारी पडल्या. छातीत पाणी झालं होतं. वाशीच्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. पहिल्याच दिवशी ताईने सेटवर सांगितलं की मला रोज यायला जमणार नाही. लेखकाने बाईसाहेबांना जिन्यावरून पाडलं आणि कोमात घातलं. कोमातलं माणूस मालिकेला फार सोयीचं असतं. एका दिवसात वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून त्याचं झोपणं शूट करून ठेवलं की महिनाभर पुरतं. तेवढ्या एका दिवसासाठी ताई तुर्भ्याला गेली. तिथे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये त्या मालिकेचा बंगलाही होता आणि त्याच्या मागच्या बाजूला हॉस्पिटलही. शेजारी ट्रकचा तळ. ट्रक मागे यायला लागला की त्याचं गाणं वाजायचं आणि सून रडायची थांबायची. ट्रक जागेवर लागला की ती पुन्हा रडायची. ताई नाकाला नळी चिकटवून दिवसभर तिथे पडून राहिली आणि संध्याकाळी नाकावरच्या चिकटपट्टीचा लाल डाग तसाच घेऊन वाशीच्या दवाखान्यात आली. तिथे आईंच्या नाकाला खरी नळी होती. बाहेर बाकावर बसलेला एक गृहस्थ तिला पाहून उठून उभा राहिला. त्याची बायको आत होती. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही शुद्धीवर आलात. बरं वाटलं बघून." ताईने त्याला विचारलं, "तुमच्या मिसेस कशा आहेत?" आणि मग तो बराच वेळ बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली.

आईंच्या वॉर्डात टीव्ही नव्हता. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, जरा बोलता यायला लागल्यावर, त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "बाईसाहेबांचं फुडं काय हुतंय?" ताई म्हणाली, "आई, मी बेशुद्ध आहे. मला काय माहीत?" आई म्हणाल्या, "तुला म्हाईत नसंल तर कुनाला?" मग ताईने सांगायला सुरुवात केली. रोज दुपारी भेटायच्या वेळेत ती खाटेच्या कडेला बसून एकेक भाग करून दाखवायची, सगळ्यांची कामं स्वतःच करून, दबक्या आवाजात. तिच्या गोष्टीत बाईसाहेब बेशुद्ध नव्हत्याच. त्यांना सगळं ऐकू येत होतं, फक्त डोळे उघडत नव्हते. मुलगा येऊन पाच मिनिटांत जायचा. धाकटी जाऊ येऊन किल्ल्या शोधायची. सून मात्र रोज येऊन बसायची आणि काहीही बोलायची. आज दूध नासलं, आज शेजारच्यांची मांजर व्याली, आज लाल साडीचा काठ उसवला. आणि बाईसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी उगाचच काहीतरी सांगत होतं. शेजारच्या दोन खाटांवरच्या बायका कुशीवर वळून ऐकायच्या. केरळची नर्स होती, तिला मराठी धड येत नव्हतं, पण ती सलाईन लावताना विचारायची, "आज क्या हुआ, अम्मा उठी?" ताईने मालिकांमध्ये खूप कामं केली, पण मी पाहिलेलं तिचं सगळ्यात चांगलं काम ते, आणि ते दहाबारा जणांनीच पाहिलं.

बाईसाहेबांनी डोळे उघडायचे तो दिवस आला. सेटवरून फोन आला, आणि नेमक्या त्याच दिवशी आईंच्या छातीतलं पाणी काढायचं होतं. ताईने येणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी दोन दिवस थांबून पाहिलं, मग पुन्हा फोन केला. ती पुन्हा नाही म्हणाली. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. रोजचा भाग रोज जायला लागतो. मालिका कुणाच्या आईसाठी थांबत नाही, मालिकेतल्या आईसाठीही नाही, असं ताईच एकदा हसत म्हणाली होती. तिसऱ्या फोनवर तिला सांगण्यात आलं की दुसरी कुणी घेतली आहे. ती "बरं" म्हणाली, फोन पर्समध्ये ठेवला आणि डॉक्टरांना पुढचं औषध विचारायला गेली. मला ती गोष्ट घरी आल्यावर कळली, तीही तिच्याकडून नाही, माझ्या नवऱ्याकडून.

आई घरी आल्या आणि त्याच आठवड्यात तो भाग लागला. आम्ही सगळे बसलो होतो, आई उशांना टेकून, ताई त्यांच्या पायाशी. डॉक्टरने बाईसाहेबांच्या तोंडाला मध्येच कधीतरी गुंडाळलेली पट्टी सोडली आणि आतून दुसरीच बाई निघाली, ताईपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, नाक सरळ. खालून एक ओळ सरकत गेली की ही भूमिका यापुढे अमुक साकारतील. माझ्या नवऱ्याने रिमोट उचलला आणि परत ठेवला. आईंनी विचारलं, "ही कोन गं?" ताई म्हणाली, "मीच आहे आई. शुद्धीवर आले." आईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "लई दिस निजली हुतीस."

त्यानंतर चार महिन्यांनी, दुपारी जेवून आडव्या झालेल्या आई उठल्या नाहीत. ताई रडली नाही. आलेल्यांना पाणी दिलं, गावाकडे फोन केले, आईंच्या कपाटातून नेसवायचं लुगडं काढून दिलं. खालच्या मजल्यावरच्या एक बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "टीव्हीवर तर केवढ्या रडतात." आलेल्यांपैकी एकीने चक्क फोन काढून विचारलं, "ताई, एक फोटो काढू का?" मला राग आला, पण ताईने पदर सारखा केला आणि तिच्या शेजारी उभी राहिली. त्या फोटोत ताई कशी दिसत असेल हे मला अजूनही पाहावंसं वाटतं. पुढे बरेच दिवस तिने कुठलंच काम घेतलं नाही. संध्याकाळी साडेसातला ती वरून खाली यायची नाही. आम्हीही मालिका लावायचं बंद केलं होतं.

एका रविवारी तिला त्या नव्या बाईसाहेबांचा फोन आला आणि त्या भेटायला आल्या. नाटकात काम करणारी बाई, बोलायला साधी, सोबत शहाळी घेऊन आलेली. ताईने मला वर बोलावून घेतलं, बहुतेक एकटीला नको वाटलं असेल. बाई थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग हातातला रुमाल गुंडाळत म्हणाल्या, "ताई, मला जमत नाहीये. शब्द पाठ आहेत, आवाज लावते, पण तुम्ही बसलात की सगळे गप्प व्हायचे. मी बसले की सेटवरसुद्धा कुणी बघत नाही. मालिका बंद करायचं बोलतायत. शंभर माणसांचं काम आहे." ताई उठून आत गेली. मला वाटलं, आता ही बाहेर येणार नाही. ती चहा घेऊन आली, ट्रे माझ्या हातात दिला आणि त्या बाईला म्हणाली, "बसून दाखव."

त्या बाई खुर्चीवर ताठ बसल्या. "ही मालकीण झाली," ताई म्हणाली. "बाईसाहेब अशी बसत नाही. ती दिवसभराचं काम टाकून जरा टेकलेली असते. उठायच्या तयारीने. अर्ध्या खुर्चीवर." मग ती स्वतः बसली. पदराचं टोक मांडीवर घेतलं. हाताच्या कडेने ते एकदा सारखं केलं, दुसऱ्यांदा सारखं केलं, त्याची लहानशी घडी घातली, घडीवर तळवा दाबून ठेवला. समोरच्या माणसाकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. आणि दाराकडे बघत, अगदी हळू, म्हणाली, "जेवलीस का?"

मी ट्रे खाली ठेवला. शेठची बायको नव्हती ती, शिवणाच्या बाई नव्हत्या, मांजरही नव्हतं. त्या आमच्या आई होत्या. लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्या आठवड्यापासून मी त्यांना असं बसलेलं पाहत होते. सासरे मार्केटातून यायच्या वेळेला त्या तशाच अर्ध्या टेकायच्या, पदर मांडीवर सारखा करायच्या आणि बोलताना नजर दाराकडे, कारण सासऱ्यांची पाठ दुखत असायची आणि पावलांच्या आवाजावरून त्यांना कळायचं की आज पाणी गरम करायचं की नाही. सासरे गेल्यावरही ती नजर दाराकडेच राहिली. हे सगळं ताईने जसंच्या तसं उचललं होतं. फक्त टीव्हीवर त्याच्यापुढे दुष्ट वाक्यं जोडली होती आणि लोकांना भीती वाटत होती.

त्या बाईंनी तीन-चार वेळा करून पाहिलं. ताईने त्यांचा हात धरून घडी कशी घालायची ते दाखवलं, "चौकोनी नको, लांबट," असं करत. बाई गेल्यावर ताई दार लावून तिथेच उभी राहिली.

"आईचं सगळं चांगलं मी घेतलं आणि वाईट बाईला दिलं," ती म्हणाली. "सहा वर्षं लोक शिव्या घालत होते. त्या आईच्या हातांना घालत होते. आईला कळलं असेल का गं?"

मी म्हटलं, "नाही हो ताई. त्यांना कुठलं कळतंय?" पण म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं की शेजारणींसमोर आई कुणाची बाजू घेत होत्या. ते मी तिला सांगितलं. बाई वंगाळ न्हाय ती, तिला कुनी काय इचारत न्हाय. ताई ऐकत राहिली, मग जमिनीवर बसली, आणि मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिला खरंखुरं रडताना पाहिलं. फार वाईट रडते ती. नाक लाल होतं, आवाज फाटतो, तोंड वेडंवाकडं होतं. कुठल्याच दिग्दर्शकाने असं रडणं ठेवलं नसतं.

पुढच्या आठवड्यात मी नवऱ्याला काहीच न सांगता साडेसातला मालिका लावली. तो ताटावर बसला होता आणि त्याचं लक्ष नव्हतं. नव्या बाईसाहेब आल्या, अर्ध्या खुर्चीवर टेकल्या, पदराचं टोक मांडीवर घेतलं. घडी अगदी बरोबर आली. त्याचा घास हातातच राहिला. त्यानंतर ती मालिका बरीच चालली, आणि तो रोज त्या वेळेला घरी असायचा.

आता ती बंद झाली. नव्या बाई दुसऱ्या कुठल्याशा मालिकेत पोलीस अधिकारी झाल्या आहेत. ताईही परत कामाला लागली आहे, परवाच तिला कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिकेचं काम मिळालं. माझा नवरा मात्र अजून साडेसात वाजले की हातपाय धुऊन टीव्ही लावतो, काय लागलंय ते क्षणभर उभ्याउभ्या पाहतो, आणि मग आवाज कमी करून बातम्या लावतो.